पिंपावरची अक्षरे कोणासाठी?

पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांसारख्या ज्वालाग्राही द्रवांच्या वाहतुकीत आग लागली की तिचे खापर चालकाच्या किंवा हमालाच्या निष्काळजीपणावर फोडण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. परंतु अशा मालाची सुरक्षितता बव्हंशी तो गाडीवर चढण्यापूर्वीच ठरलेली असते. माल कशात भरला, किती भरला आणि वर काय लिहिले, हे प्रश्न पाठवणाऱ्याचे आहेत, उचलणाऱ्याचे नव्हेत.

या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे उपलब्ध आहेत. धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध झाल्या व त्यांत वेळोवेळी सुधारणा होत आली आहे. त्यांत ज्वालाग्राही द्रवांचा वर्ग तिसरा. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. तो सामान्यतः ६० अंश सेल्सिअसपर्यंत असलेले द्रव या वर्गात येतात. धोक्याच्या तीव्रतेनुसार त्यांचे तीन गट पाडलेले आहेत. तीव्र धोक्याच्या मालाचे पिंप १.८ मीटर, मध्यम धोक्याचे १.२ मीटर आणि सौम्य धोक्याचे ०.८ मीटर उंचीवरून टाकून तपासावे लागते. पिंपावरील एक्स, वाय, झेड ही अक्षरे याच कसोटीची खूण होत.

द्रव तापल्यावर प्रसरण पावतो. म्हणून ५५ अंश तापमानालाही पिंप काठोकाठ भरणार नाही इतकी जागा मोकळी सोडावी, असा दंडक आहे. प्लॅस्टिकच्या पिंपाचा वापर सामान्यतः उत्पादनापासून पाच वर्षांपर्यंतच करता येतो. आणि धोकादायक माल वाहिलेले रिकामे पिंप, त्यातील धोका नाहीसा केल्याखेरीज, भरलेल्या पिंपाइतकेच धोकादायक मानले जाते. हा शेवटचा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचून राहते. असे ‘रिकामे’ पिंप गॅसच्या ज्योतीने कापावयास घेतले तर त्याचा स्फोट होतो आणि भंगारच्या दुकानातला कामगार प्राणास मुकतो.

मग उणीव कोठे आहे? नियमांची भाषा पाठवणारा आणि तपासनीस यांच्यापुरती राहिली आहे, हीच उणीव. ज्वालेचे चित्र असलेली लाल चौकट निरक्षरासही कळते, ही या पद्धतीची थोर बाजू. पण गळती झाली तर काय करावे, हे चित्र सांगत नाही. अंकलेश्वरला भरलेले पिंप इंदूरमध्ये उतरते आणि हावड्याला पोहोचते. ते उचलणारे हात गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली बोलतात, आणि वरचा मजकूर बहुधा इंग्रजी असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मालाची संपूर्ण माहिती देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली. परंतु चालकाच्या कक्षात ठेवलेला कागद पिंप उतरवणाऱ्या हमालापर्यंत पोहोचत नाही.

समुद्रावरही हेच सत्य लागू आहे. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा-शेवाकडे येणाऱ्या वान हाय ५०३ या जहाजाला केरळच्या किनाऱ्यापासून दूर आग लागली. जहाजावर ज्वालाग्राही द्रवांचेही कंटेनर होते. २२ खलाशांपैकी १८ वाचवले गेले, चार बेपत्ता झाले. अशा वेळी कोणत्या कंटेनरात काय आहे याची खरी नोंद हाच खलाशाचा व आग विझवणाऱ्याचा एकमेव आधार असतो. खोट्या किंवा अपुऱ्या नोंदीने वाचणारे भाडे पाठवणाऱ्याच्या खिशात जाते. तिची किंमत मात्र दुसराच कोणी मोजतो.

१९९० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्वीकारलेला रसायनविषयक करार सांगतो की धोकादायक रसायनावरील लेबल कामगारास सहज समजेल असे असावे, आणि गंभीर व निकट धोका दिसल्यास त्याला तेथून दूर होण्याचा हक्क असावा. आपल्या संघटनांनी यातून तीन मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत. माल जेथे उतरतो तेथील भाषेत पिंपावर सूचना असावी. फुगलेले, गळके किंवा खूण नसलेले पिंप उचलण्यास नकार देणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये. आणि अपघाताच्या चौकशीत पहिला प्रश्न चालकाला नव्हे, पिंप भरणाऱ्याला विचारला जावा.

यासाठी नवे शास्त्र नको आहे. जे शास्त्र पिंपावर सांकेतिक अक्षरांत कोरलेले आहे, ते उचलणाऱ्याच्या भाषेत उतरवणे एवढेच काम शिल्लक आहे, आणि ते संघटनेच्या रेट्याविना होणार नाही.