गुप्त पोलिसांची चौकशी : दशक उलटले, अंतिम निष्कर्षांची प्रतीक्षा कायम

नवी दिल्ली : गुन्हेगारी टोळ्यांचा छडा लावण्यासाठी पोलीस वेषांतर करून त्यांच्यात शिरतात, हे सर्वत्र मान्य झालेले तंत्र आहे. हेच तंत्र शांततापूर्ण आंदोलने, कामगार संघटना आणि न्याय मागणारी शोकाकुल कुटुंबे यांच्याविरुद्ध वापरले गेले, तर त्याची जबाबदारी कोणाची? ब्रिटनमध्ये या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक चौकशीचे काम तीन वर्षांत आटोपेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दशक उलटूनही अंतिम अहवाल आलेला नाही.

प्रकरणाचे मूळ १९६८ मधील आहे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात लंडनमधील अमेरिकी दूतावासासमोर झालेल्या हिंसक निदर्शनांनंतर महानगर पोलीस दलाने एक गुप्त पथक उभारले. पुढे 'स्पेशल डेमॉन्स्ट्रेशन स्क्वॉड' या नावाने ओळखले गेलेले हे पथक तब्बल ४० वर्षे, म्हणजे २००८ पर्यंत, कार्यरत होते. १९८९ पर्यंत त्याचा खर्च थेट गृह मंत्रालय उचलत होते. त्यामुळे हा केवळ काही अधिकाऱ्यांच्या अतिरेकाचा विषय राहत नाही.

या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खोट्या ओळखीने कार्यकर्त्यांमध्ये वावर ठेवला. अनेकांनी बालवयात मृत्यू पावलेल्या मुलांची नावे व जन्मतारखा उचलल्या. पालकांना त्याची कल्पनाही नव्हती. काहींनी महिला कार्यकर्त्यांशी दीर्घकाळ प्रेमसंबंध ठेवले. अशा सात महिलांची महानगर पोलिसांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर माफी मागितली आणि हे संबंध मानवी हक्कांचे उल्लंघन व पोलिसी अधिकारांचा गैरवापर असल्याचे मान्य केले.

चौकशीला निर्णायक कारण ठरले ते स्टीफन लॉरेन्स प्रकरण. १९९३ मध्ये लंडनमध्ये वर्णद्वेषातून या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली. त्याच्या कुटुंबाची बदनामी करता येईल अशी माहिती शोधण्यास आपल्याला सांगण्यात आले होते, असा गौप्यस्फोट पीटर फ्रान्सिस या माजी गुप्त अधिकाऱ्याने २०१३ मध्ये केला. त्यानंतर मार्च २०१४ मध्ये तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी चौकशीची घोषणा केली.

भारतीय वंशाच्या समाजालाही या प्रकरणाची झळ पोहोचली आहे. १९७९ मध्ये साउथॉल येथील वर्णद्वेषविरोधी निदर्शनांत मारले गेलेले शिक्षक ब्लेअर पीच यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या न्यायमोहिमेवर गुप्त पोलिसांची नजर होती. १९९७ मध्ये वर्णद्वेषी हल्ल्यानंतर मृतावस्थेत सापडलेला विद्यार्थी रिकी रील याच्या कुटुंबाच्या मोहिमेची माहितीही पोलिसांच्या गोपनीय नोंदींत आढळली. मुलाच्या मृत्यूच्या तपासासाठी ज्या यंत्रणेचे दार ठोठावायचे, तीच यंत्रणा आपल्या नोंदी ठेवत असल्याचे या कुटुंबाला अनेक वर्षांनी समजले.

चौकशीची गती मात्र मंद राहिली. पहिले अध्यक्ष सर ख्रिस्तोफर पिचफोर्ड यांनी आजारपणामुळे पद सोडले आणि २०१७ मध्ये सर जॉन मिटिंग यांनी सूत्रे स्वीकारली. अधिकाऱ्यांची खरी नावे गुप्त ठेवण्याच्या अर्जांवर बराच काळ खर्ची पडला आणि साक्षी नोंदवण्यास नोव्हेंबर २०२० उजाडला. जून २०२३ मधील अंतरिम अहवालात १९६८ ते १९८२ या काळाचा आढावा आहे. साध्याच्या नावाखाली साधनांचे समर्थन होऊ शकत नाही आणि या कारवाया तेव्हाच उघड झाल्या असत्या तर पथक तातडीने गुंडाळावे लागले असते, असा त्याचा आशय आहे. त्यानंतरच्या सुनावण्यांत पुढील दशके तपासली गेली.

या निष्कर्षांचे महत्त्व मोठे असले, तरी मर्यादा स्पष्ट आहे. २००५ च्या चौकशी कायद्यानुसार अशा चौकशीला दिवाणी वा फौजदारी दायित्व ठरवता येत नाही. दरम्यान अनेक साक्षीदार वृद्ध झाले आहेत, काहींचे निधन झाले आहे. दुसरीकडे, गुप्त हस्तकांना विशिष्ट परिस्थितीत गुन्हा करण्याची मुभा देणारा कायदा ब्रिटिश संसदेने २०२१ मध्येच, म्हणजे चौकशी अपूर्ण असताना, संमत केला. जुन्या चुकांचा हिशेब पूर्ण होण्याआधी नवे अधिकार बहाल झाले.

त्यामुळे अंतिम अहवालाची कसोटी केवळ भूतकाळाच्या नोंदीवर लागणार नाही. गुप्त कारवाईला परवानगी कोणी द्यावी, ती कधी थांबवावी आणि पीडितांना सत्य किती काळात कळावे, याचे बंधनकारक नियम त्यातून निर्माण होतात का, यावरच या प्रदीर्घ चौकशीचे मोल ठरेल.