इटालियनमध्ये गायलं तर बिघडलं कुठं?

मंडळी, दोन महिने इथे काहीच लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि लेकीनं फोनवरून सक्त ताकीद दिली, महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, टीव्ही नाही. मग माणसानं करायचं काय? ऐकायचं! आणि मी जे ऐकलं ते सांगितलं तर आमच्या भिशीतल्या बायका मला वेड्यात काढतील. मी प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकला. तोही इटालियन आणि फ्रेंच भाषेतला.

हे खूळ नातीनं लावलं. लेक-जावई मॉन्ट्रियलला असतात, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. तिथं 1977 साली कायदा झाला, की बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच शिकायचं. त्यामुळे आमची नात घरात मराठी, शाळेत फ्रेंच आणि मैत्रिणींशी इंग्रजी बोलते. मराठी म्हणजे काय, तर मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिकडे होते तेव्हा एके रात्री तिनं माझ्या कानांना हेडफोन लावला आणि म्हणाली, "आजी, हे ऐक. घाबरू नकोस."

घाबरण्यासारखं काही नव्हतंच. बासरी, गिटार, मग क्लॅरिनेट. ड्रम तर नावालाही नाहीत. बँडचं नाव हार्मोनियम! मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. पण खरंच त्या क्वेबेकच्या बँडचं नाव हार्मोनियम आहे, आणि त्यांच्या 1975 च्या अल्बमचं नाव मराठीत सांगायचं तर 'आपल्याला पाचव्या ऋतूची गरज असती तर'. चार गाणी त्यांच्या चार ऋतूंची. पाचवं सतरा मिनिटांचं, त्यात शब्दच नाहीत. नातीला म्हटलं, अगं आमच्याकडे सहा आहेत, दोन-तीन पाठवून देऊ का? पावसाळा तर आम्हा कोल्हापूरकरांना पुरून उरतो.

पण ऐकता ऐकता थट्टा सरली. देवल क्लबच्या गावात वाढलेले माझे कान. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिला ते हे गाव. गाणं नुसतं तीन मिनिटांत उरकायचं नसतं, ते सावकाश उलगडायचं असतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि हे प्रोग्रेसिव्ह रॉकवाले नेमकं तेच करत होते. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या पोरांना कंटाळा आला तीन मिनिटांच्या प्रेमगाण्यांचा. त्यांनी गाणी वीस-वीस मिनिटांची केली, मध्येच लय बदलू लागले, सात मात्रा, पाच मात्रा. नात बोटं मोडत "सेव्हन, सेव्हन" म्हणत होती तेव्हा मी मांडीवर रूपक धरला आणि तो बसला की हो! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर आता मुद्द्यावर येते. लाट इंग्लंडची, म्हणजे इंग्रजीची. पण दोन-तीन वर्षांत ती इटलीत पोचली आणि तिथल्या पोरांनी ती चक्क इटालियनमध्ये गायली. 1972-73 ही दोन वर्षं तर नुसता सुकाळ आहे. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी हे लांबलचक नाव (त्यांना सगळे पीएफएम म्हणतात), त्यांचा 'पेर उन आमिको', म्हणजे 'एका मित्रासाठी'. ले ओर्मे यांचा 'फेलोना ए सोरोना', एक उजेडाचा ग्रह आणि एक अंधाराचा, त्यांची गोष्ट. बांको या बँडनं तर डार्विनवर आख्खा अल्बम केला. आपल्याकडे डार्विन शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर कधी आला नाही.

पुढे काय झालं? इंग्लंडच्या कंपनीला पीएफएम आवडले. म्हणाले, हे जगभर विकू, फक्त शब्द इंग्रजीत करा. पीट सिनफिल्ड या नावाजलेल्या इंग्रज गीतकारानं नवे शब्द लिहिले आणि 1973 ला 'फोटोज ऑफ घोस्ट्स' निघाला. ले ओर्मेसाठी पीटर हॅमिलनं लिहिले. दोघेही कच्चे गडी नव्हेत. मी हट्टानं दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या, डोळे मिटून (नाहीतरी मिटलेलेच होते), आणि माझं मत स्पष्ट आहे. वादक तेच, चाल तीच, पण इंग्रजीत गाताना गायक परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखा वाटतो. पाठ ताठ आणि घास लहान. 'फोटोज'मध्ये त्यांनी एकच गाणं इटालियनमध्ये राहू दिलं, 'इल बांकेत्तो'. ते लागलं की माणूस मांडी घालून बसल्यासारखा मोकळा होतो.

असं का व्हावं? मला ना इटालियन येतं, ना या संगीताचं व्याकरण. पण चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे एक गोष्ट कानांनी टिपली. इटालियन शब्द बहुतेक सगळे स्वरावर संपतात. आमिको, फेस्ता, बांकेत्तो. शेवटचा स्वर हवा तेवढा लांबवा, तान घ्या, तो तुटत नाही. इंग्रजी शब्द व्यंजनावर आपटतो. आता आपली मराठी बघा. बोलताना आपण 'घर', 'मन' पाय मोडून बोलतो, पण ओवी म्हणताना तोच शेवटचा 'अ' पुन्हा पुरा उमलतो. वर्गात मी मुलांना हे म्हणून दाखवायची. म्हणजे गाण्याची भाषा ही बोलण्याच्या भाषेच्या पोटात आधीच तयार असते. चाल त्या भाषेतून निघालेली असेल तर नुसते शब्द बदलून कसं चालेल? अंगरखा बेतायचा एकाच्या मापानं आणि घालायचा दुसऱ्याला!

जावयांनी यावर फोनवर माझ्याशी वाद घातला. म्हणाले, "आई, ती इंग्रजी आवृत्ती निघाली नसती तर इटलीबाहेर यांना कुणी ओळखलं नसतं. मीसुद्धा पुण्यात हॉस्टेलवर आधी इंग्रजीच कॅसेट ऐकली." हे मात्र मला मान्य करावं लागलं. इंग्रजी हा दरवाजा आहे, खोटं कशाला बोला. पण दरवाजातच संसार मांडायचा नसतो, इतकंच माझं म्हणणं.

हार्मोनियमवाल्यांनी तो दरवाजा घेतलाच नाही. फ्रेंचमध्ये गायले आणि आपल्या माणसांसाठी गायले. 2020 साली मॉन्ट्रियलच्या मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदानं त्यांची गाणी नव्यानं वाजवली. त्यांचा मुख्य गायक-गीतकार सर्ज फियोरी 24 जून 2025 ला गेला. तो दिवस म्हणजे क्वेबेकचा राष्ट्रीय सण. त्या रात्री नातीचा फोन आला, रडत होती. आणि मंडळी, रडताना ती मराठीत बोलत होती. मोडकंतोडकं, पण मराठीत. मी तिच्या व्याकरणाच्या चुका काढल्या नाहीत.

फ्रान्सच्या माग्मा या बँडबद्दल एवढंच सांगते, की त्यांच्या क्रिस्तियां वान्देर या ढोलकरी-नायकाला फ्रेंचही पुरेना आणि इंग्रजीही नको, म्हणून त्यानं स्वतःची भाषाच तयार केली! कोबाइयन. त्यांचा 1973 चा अल्बम मी अर्धा ऐकला. बाकी अर्धा पुढच्या जन्मी.

मग नातीनं विचारलं, "आजी, मराठीत असं काय आहे?"

बंगालीत कोलकात्याचे मोहीनेर घोडागुली 1975 पासून, हे तिला माहीत होतं. दिल्लीच्या इंडियन ओशनचा 2000 चा 'कंदिसा' तर तिच्याकडेच होता, ज्याचं नावाचं गाणं केरळच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या अरमाईक प्रार्थनेवरचं आहे. पण मराठी? मी म्हटलं, आहे की. 1978 चा 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी बसवलेला. मी तो पुण्यात भावाबरोबर पाहिला होता, नवीन नोकरीला लागले होते तेव्हा. त्यात नाट्यसंगीत होतं, लावणीचा ठसका होता आणि अंकुश झालेला नंदू भेंडे मराठी शब्द चक्क रॉकच्या ढंगात गात होता. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा त्याआधी मुंबईत इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास होऊन गाजला होता. पहिल्या गाण्याला मी नाक मुरडलं. तिसऱ्याला पाय हलायला लागला. मराठी शब्द कुठे अडत नव्हता, ओढाताण होत नव्हती. नंदू भेंडे 2014 मध्ये गेले. आता अभंग रिपोस्टसारखी मुंबईची मुलं तुकोबांचे अभंग गिटारवर गातात, नातीला ती आवडतात. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका धाग्यात ओवलेला, आमचा म्हणावा असा मराठी रॉकचा अख्खा अल्बम? मी गप्प बसले.

गप्प बसले कारण मला एक मुलगा आठवला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

1996 चं स्नेहसंमेलन. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे. नववी 'क' मधला एक मुलगा मामाची जुनी गिटार घेऊन निवडीला आला. नदीकाठच्या वस्तीत राहायचा, पावसाळ्यात जिथं घरात पाणी शिरतं तिथं. त्यानं स्वतः मराठीत गाणं केलं होतं, पुराचं. आधी संथ, मग पाणी चढतं तशी लय चढत गेलेली, मध्येच गाणं थांबून नुसती तारांची थरथर, मग आई भांडी माळ्यावर ठेवते त्याचं वर्णन. आठ मिनिटं तरी चाललं असेल. मी तिसऱ्या मिनिटाला घड्याळ बघितलं. संपल्यावर म्हटलं, "हे असले प्रकार मराठीत शोभत नाहीत रे. गिटारच वाजवायची असेल तर सरळ एखादं इंग्रजी गाणं म्हण."

मराठीची शिक्षिका मी! त्यानं ऐकलं. इंग्रजी गाणं म्हटलं, हुबेहूब कॅसेटसारखं, आणि पहिलं बक्षीसही मिळवलं. बक्षीस माझ्याच हातून दिलं.

गेल्या महिन्यात डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी रिक्षा करून राजारामपुरीत त्याच्या रंगाच्या दुकानात गेले. आता केस पांढरे झालेत त्याचे. "बाई तुम्ही? या की, बसा की!" म्हणून स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी विचारलं, "ते पुराचं गाणं आठवतं का रे?"

"कुठलं ओ बाई?"

मी सांगितलं. तो हसला. "लई वर्सं झाली की. वही 2005 च्या पुरात गेली बघा."

मी त्याची माफी मागितली. त्याला कशाची ते आधी कळेना, मग कळलं तेव्हा तो फार संकोचला आणि काउंटरवरचे डबे उगाच सरळ करू लागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, ऑइल पेंटचे भाव विचारत. तो उठला. डबा काढता काढता पाठमोराच म्हणाला, "आई भांडी माळ्यावर ठेवती, तिथनं पुढचं आठवतंय थोडं. रविवारी दुकान बंद असतंय, येतो घरी."

दोन रविवार झाले. नातीला मी अजून काही कळवलेलं नाही.