ज्याच्या कानी नाव गेलेच नाही

माउली, हा प्रश्न परक्या घरचा वाटेल, तरी घटकाभर बसून ऐका. ख्रिस्ती धर्मात तारण ख्रिस्ताच्या द्वारे होते. मग ज्याच्या कानी ते नाव कधी गेलेच नाही, त्याची गती काय?

आधी पूर्वपक्ष मांडतो. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ठरवले, की चर्चच्या बाहेर राहून मेलेल्याला तारण नाही. त्याच्या वाट्याला अखंड अग्नी. पुढे पन्नास वर्षांनी, १४९२ मध्ये, कोलंबसाची जहाजे समुद्रापलीकडच्या भूमीला लागली. म्हणजे जी माणसे आहेत हेसुद्धा त्या सभेला ठाऊक नव्हते, त्यांचाही निवाडा होऊन गेला होता! हा कुठला न्याय?

ज्यांचा देह आज जुन्या गोव्यात आहे, ते फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी त्यांना विचारले, आमच्या वाडवडिलांचे काय? नरकातून सुटका नाही, हे ऐकून ती माणसे रडली. झेवियर यांनीच १५५२ च्या पत्रात हे लिहून ठेवले आहे. देव दयाळू, तर त्याने आम्हांला आधी का कळवले नाही, असेही लोकांनी विचारले. त्यावर त्यांचे उत्तर असे, की हत्या करू नये, चोरी करू नये, हे ज्ञान देवाने प्रत्येकाच्या अंतरी आधीच घातलेले आहे.

इथेच थांबा. अंतरी कायदा पोहोचवायला देवाला प्रचारक लागला नाही, मग कृपा पोहोचवायलाच का लागावा? अपराध मोजताना सर्वव्यापी आणि क्षमा करताना गलबताची वाट पाहणारा, असा देव मला मान्य नाही.

उत्तरपक्ष त्यांच्याच घरातून आला. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले, की स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो खऱ्या मनाने देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाने वागतो, त्यालाही तारण मिळू शकते. काही ख्रिस्ती पंथ आजही हे मानत नाहीत. ते विचारतात, मग प्रचार कशाला? अहो, काल्याचा प्रसाद आपण वाटतो, तो न घेणारा नरकात जाईल म्हणून का? आपल्याला गोड लागला म्हणून वाटतो.

पण त्यांना हसू नका. 'गळ्यात माळ नाही, त्याला कसली गती?' असे आपल्यातही बोलले जाते. भागवतातला अजामिळ मुलाला हाक मारताना तरला, हे आपणच कीर्तनात सांगतो. चोखोबांना देवळाबाहेर ठेवले ते माणसांनी, विठोबाने नव्हे. ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत उपोषणाला बसावे लागले.

भक्तासाठी युगे अठ्ठावीस तिष्ठणारा देव, आपले नाव ज्याला ठाऊक नाही त्यालाही विसरत नाही. कोण तरला, कोण बुडाला, हा हिशेब त्याचा. आपण तो हाती घेऊ नये.

रामकृष्ण हरी.