आवाज आपला, सातबारा कोणाचा?

गेल्या महिन्यात कल्याणच्या पलीकडच्या एका वस्तीतला तरुण आमच्याकडे आला. वय एकवीस. हातात गिटार नव्हती, कागद होते. सहा पानांचे इंग्रजी करारपत्र. या पोराने दीड वर्ष खपून आपला पहिला अल्बम स्वतःच तयार केला आहे. आठ गाणी. शब्द त्याचे, चाली त्याच्या, गिटार, बेस आणि कीबोर्डही त्याचाच. ड्रम तेवढे कॉम्प्युटरवर बसवलेले. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगायच्या आणि शेजारची पिठाची गिरणी बंद झाली की रात्री गायला बसायचे, असा त्याचा स्टुडिओ. माईक आईच्या भिशीच्या पैशांतून आलेला. आता एका कंपनीने त्याला एकरकमी पस्तीस हजार रुपये देऊ केले होते. बदल्यात आठही गाणी, त्यांचे मूळ ध्वनिमुद्रण, जगभर आणि कायमस्वरूपी कंपनीचे. "सर, सही करू का?" एवढेच त्याला विचारायचे होते.

आमच्यासोबत बसलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आधी वेगळाच मुद्दा काढला. हे रॉक-बिक कशाला? आपल्या पोराने आपली गाणी गावीत! आम्हाला हे पटत नाही. आमच्या पोरांनी फक्त जयंतीला आणि फक्त डफावरच गावे, असे कोणी ठरवले? प्रेमाचे, पावसाचे, लोकलच्या गर्दीचे गाणेही आमचेच आहे. गिटार कोणाच्या बापाची जहागीर नाही. प्रश्न वाद्याचा नाही, मालकीचा आहे. आणि तो समजावून सांगायला आम्हाला अमेरिकेतल्या एका काळ्या पोराची गोष्ट आठवली.

प्रिन्स हे त्याचे नाव. जन्म १९५८, मिनिआपोलिस शहर. बाप जॅझ पियानो वाजवणारा, आई गाणारी. आईबापांचा काडीमोड झाला आणि पोरगा शेवटी मित्राच्या घराच्या तळघरात राहू लागला. तिथे तो वाद्यांचा सराव करत राहिला. गावातल्या एका छोट्या स्टुडिओवाल्याने विश्वासाने चाव्या दिल्या, तेव्हा रात्र रात्र एकटा बसून सगळी वाद्ये आळीपाळीने वाजवून तो गाणी मुद्रित करू लागला. १९७७ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या बलाढ्य कंपनीने त्याच्याशी करार केला. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याची अट एकच: माझ्या अल्बमचा निर्माता मीच. कंपनीच्या मनात 'अर्थ, विंड अँड फायर'चे मॉरिस व्हाईट होते, म्हणजे त्या काळातले मोठे नाव, तेही काळेच. पोराने नकार दिला. मग कंपनीने त्याला स्टुडिओत काम करायला लावले आणि आपले जाणते लोक बघायला बसवले. त्यांनी पाहिले आणि मान्य केले. आणखी एक गोष्ट त्याने पहिल्यापासून लावून धरली होती. आपल्याला 'काळ्यांचे संगीत' या कप्प्यात कोंबून विकू नका. रॉक हे गोऱ्यांचे आणि सोल हे काळ्यांचे, ही दुकानातली वर्णव्यवस्था त्याला मान्य नव्हती.

एप्रिल १९७८ मध्ये 'फॉर यू' हा अल्बम बाजारात आला. निर्मिती, संयोजन, गायन, वादन, सगळे एकट्याचे. श्रेयनामावलीत सत्तावीस वाद्यांची यादी. तीन अल्बमसाठी ठरलेल्या पैशांपैकी बहुतेक त्याने या एकाच अल्बमवर उडवले. खपाच्या हिशेबात अल्बम फार चालला नाही. बिलबोर्डच्या यादीत १६३ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. पण पाया पडला. पुढे १९८४ चा 'पर्पल रेन' जगभर गाजला, हे सर्वांना ठाऊक आहे.

येथवरची गोष्ट मोठी प्रेरणादायी आहे आणि व्याख्यानात सांगण्याजोगी आहे. पण व्याख्यानात जे सांगत नाहीत ते पुढे आहे. पोराने निर्मितीचा अधिकार मिळवला, पण तयार झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणाची, ज्याला ते 'मास्टर' म्हणतात, त्याची मालकी कंपनीकडेच राहिली. शेत त्याने नांगरले, पेरले, राखले. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर. १९९३ मध्ये तो इतका वैतागला की त्याने आपले नावच टाकून दिले आणि नावाच्या जागी एक चिन्ह घेतले. गालावर 'गुलाम' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून तो लोकांपुढे येऊ लागला.

कोट्यधीश माणसाने स्वतःला गुलाम म्हणवून घ्यावे याचे तेव्हा अनेकांना हसू आले. आम्हालाही त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते, हे लपवत नाही. कापसाच्या मळ्यात चाबूक खाणारा आणि कंपनीशी रकमेवरून भांडणारा, दोघांना एका तराजूत घालता येत नाही. पण ज्याच्या पूर्वजांना बाजारात उभे करून विकले, त्याने कोणता शब्द वापरावा हे आपण कोण ठरवणार? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना. त्या शब्दाशी आपले नाते जुने आहे. १९९६ मध्ये वॉर्नरच्या करारातून सुटल्यावर त्याने तीन डिस्कचा अल्बम काढला आणि त्याला नाव दिले 'इमॅन्सिपेशन', म्हणजे मुक्ती. आपली जुनी मास्टर मात्र त्याला मिळाली ती २०१४ मध्ये! पहिल्या अल्बमनंतर छत्तीस वर्षांनी. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, तो वारला. आणि बघा, ज्याने कागदासाठी जन्मभर भांडण केले त्याने मृत्युपत्र केले नव्हते; मालमत्तेचा निकाल लागायला २०२२ उजाडले.

दुसरी वाटही होती. अमेरिकेतल्याच बफेलो शहरातल्या ॲनी डिफ्रँको या गोऱ्या मुलीने १९९० मध्ये, विशीत असताना, स्वतःचीच कंपनी काढून पहिला अल्बम प्रसिद्ध केला. कार्यक्रमांतून कॅसेट विकल्या. मोठ्या कंपन्या मागे लागल्या, ती गेली नाही. तिचे नाव प्रिन्सइतके कधी झाले नाही. पण मालकीसाठी तिला कोणाच्या दारात जावे लागले नाही. १९९९ मध्ये दोघांनी एकमेकांच्या अल्बममध्ये हजेरी लावली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आता आपल्याकडे पाहू. ऐंशी-नव्वदच्या दशकात चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग विकले जायचे. आम्ही ज्या जुन्या गायकांना, शाहिरांना भेटलो, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी कराराचा कागदही सापडला नाही. एकदाच काय ते मानधन हातावर टेकवले, चहा पाजला, विषय संपला. आज तीच गाणी मोबाईलवर वाजतात आणि जाहिरातीचे पैसे तिसऱ्याच्या खात्यात जातात. बाबासाहेबांनी पत्र काढले तसा भारत भूषण छापखानाही उभा केला, तो काही यंत्राच्या हौसेपोटी नव्हे.

त्या पोराला आम्ही कायद्यातल्या काही गोष्टी सांगितल्या, त्या इतरांनाही उपयोगी पडाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारा तो निर्माता. म्हणजे गोधड्या टांगून ज्याने रात्री जागवल्या, तोच मालक. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, नोंदणी हा पुरावा म्हणून बरी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. म्हणूनच कंपनी 'कायमस्वरूपी' हा शब्द लिहायला कधी विसरत नाही! आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. त्याच्या कागदात मात्र 'यापुढे कोणतीही रक्कम देय राहणार नाही' असे वाक्य पाचव्या पानावर बारीक अक्षरांत होते. त्याने ते वाचले नव्हते. आम्हीही दुसऱ्यांदा वाचताना पाहिले.

पस्तीस हजार ही त्याच्या घरी लहान रक्कम नाही. वडिलांची नोकरी कंत्राटी आहे आणि बहिणीची फी थकली आहे. त्यामुळे "सही करू नकोस" असे म्हणणे आम्हाला सोपे आहे, त्याला नाही. आम्ही एवढेच सुचवले की कायमऐवजी तीन वर्षे माग, मास्टर आपल्याकडे ठेव, फक्त विकण्याचा परवाना दे, आणि ते पाचव्या पानावरचे वाक्य खोडून पाठव. ओळखीच्या एका वकील ताईंनी पैसे न घेता मजकूर दुरुस्त करून दिला.

कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. परवा त्याचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटले त्याचसाठी असेल. पण तो सांगत होता की पाचव्या गाण्यातला ड्रम शेवटच्या कडव्यात घाई करतो, म्हणून तो पुन्हा बसवायला घेतला आहे.