नुसते 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' पुरे नाही

'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' आपण पाढ्यासारखे घडाघडा म्हणतो. पण दोन वस्तू पुढे ठेवून वाक्य विचारले की गाडी अडते. माझ्या मते याचे कारण एकच. आपण शब्द पाठ करतो, वाक्ये करत नाही.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, साल्हेर १५६७ मीटर. मराठीत आपण म्हणतो, 'कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे.' इथे 'पेक्षा' नावाच्या शेवटी लागते आणि 'उंच' तसाच राहतो. इंग्रजीत मात्र 'हाय'चे 'हायर' होते आणि 'दॅन' नावाच्या आधी येते : 'कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर.' मराठीच्या क्रमाने शब्द मांडले की वाक्य बिघडलेच!

दुसरे असे, की 'मोअर हायर' म्हणू नये. 'हायर'मध्येच 'जास्त' आले. 'मोअर' लागते ते 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांना. चहात साखर असताना वर गूळ कशाला? 'गुड'चे तर 'बेटर' होते, 'गुडर' नाही.

कुणी म्हणेल, मग पाठांतर नकोच का? हवे की! पण तिथेच थांबू नये.

पालकांनाही विनंती आहे. घरी नुसते कोष्टक म्हणायला लावू नका. म्हैस आणि शेळी दाखवा अन् वाक्य विचारा. तुलना वस्तूंची करा, जनावरांची करा. दोन भावंडांची मात्र करू नका. त्याने इंग्रजी येत नाही, मन तेवढे दुखते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी