वेंगुर्ल्याला एक खोली हवी

अठरा मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून जगभरची संग्रहालये तो पाळतात. त्या दिवशी कुठे तिकीट माफ असते, कुठे रात्री उशिरापर्यंत दारे उघडी असतात. वेंगुर्ल्यात हा दिवस येतो तो आंबा-काजूच्या धांदलीत. चाकरमानी आलेले असतात, बाजारभर फणसाचा वास असतो, होड्या वर ओढायची वेळ जवळ आलेली असते आणि मुंबई-पुण्याहून आलेली मुले दुपारच्या उन्हाला कंटाळून मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेली असतात. सकाळी देऊळ झाले, संध्याकाळी समुद्र ठरलेला आहे. मधल्या वेळात त्यांना न्यायचे कुठे, हा प्रश्न दर मे महिन्यात घरोघरी पडतो.

विज्ञानाचे किंवा निसर्गाचे संग्रहालय पाहायचे म्हणजे वेंगुर्लेकराला प्रवास आलाच. दक्षिणेला पणजीत, मिरामारला, गोवा विज्ञान केंद्र २००१ पासून आहे. उत्तरेला रत्नागिरीत, झाडगावला, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. त्याहून मोठे काही पाहायचे तर थेट मुंबई.

रत्नागिरीच्या त्या संग्रहालयात देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला देवमासा तसा नवा नाही. मधूनमधून कुठल्या तरी वाडीला एखादा मेलेला लागतो, गावभर बोभाटा होतो, वासाने कुणाला जवळ जाववत नाही आणि शेवटी जेसीबी आणून त्याला वाळूत पुरतात. सांगाड्यापुढे मात्र पोर निवांत उभे राहते. ज्याला आपण पर म्हणतो त्याच्या आत हात दिसतो: खांदा, कोपर, मनगट आणि पुढे बोटांच्या हाडांची लांबच लांब रांग. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिता येते. स्वतःचा हात पुढे धरून हाडाशी हाड जुळवून पाहिले की ते पटते. मोबाइलच्या पडद्यावर देवमासा आणि तारली एकाच मापाची असतात. खऱ्या वस्तूपुढे आपण किती लहान हे मान वर करूनच कळते. संग्रहालयाचा पहिला आनंद हा असा अंगाने घ्यायचा आहे.

दुसरा आनंद हाताचा. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचे उद्यान १९७९ मध्ये, बालक वर्षात, खुले झाले आणि मुख्य केंद्र १९८५ मध्ये. ‘हात लावू नये’ ही पाटी वाचत वाढलेल्या पिढीला तिथे पहिल्यांदा कुणी ‘हात लावा’ म्हणून सांगितले. चाक फिरवा, दोर ओढा, तबकडीजवळ कुजबुजा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मित्राला ते ऐकू जाते का पाहा. अशा ठिकाणी मुले आधी खेळतात आणि कारण नंतर विचारतात. तोच क्रम बरोबर आहे. अर्थात निम्म्या उपकरणांवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असेल तर ना खेळ ना कारण, आणि हा अनुभव कुठल्याच केंद्राला अपरिचित नसावा.

आपल्या शाळांच्या सहली हा आनंद पुष्कळदा वाटेतच घालवून बसतात. शिट्टी, दोन-दोनची रांग, पाऊण तासात बाहेर आणि ‘जे पाहिले त्यावर दहा ओळी’. मुले मग वस्तूकडे न बघता पाटी उतरवून काढतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्गविभागात एकाच देखाव्यापुढे वीस मिनिटे उभे राहिलेले मूल घरी जास्त घेऊन येते. हा विभाग १९२३ पासूनचा. एस. एच. प्रेटर हे त्याचे अभिरक्षक होते. मागे रंगवलेला वक्र पडदा, पुढे खऱ्या मापाचे गवत-झुडूप आणि मधे पेंढा भरलेले जनावर, अशी ती रचना. चित्र कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ती रेघ शोधण्यातच मुलांचा अर्धा वेळ जातो. तो जाऊ द्यावा.

या सगळ्या थाटाचा आरंभ मात्र साधा होता, आणि त्यात आपल्या परिसराचाही हात आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडण्यात मांद्रे लागते. डॉ. भाऊ दाजी लाड तिथले. मुंबईत सार्वजनिक संग्रहालय असावे म्हणून झटलेल्या मंडळींत ते आघाडीवर होते. राणीच्या बागेतली ती इमारत १८७२ मध्ये लोकांना खुली झाली आणि १९७५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. त्याच इमारतीत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांतले दोघे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. बेत एवढाच होता की महिन्यातून एकदा भेटायचे, कुणाला काही नवल सापडले असेल ते आणायचे, एकमेकांना दाखवायचे आणि त्यावर बोलायचे. पुढे सोसायटीचे बिऱ्हाड फिप्सनच्या दारूच्या पेढीत गेले. तिथे १८९४ पासून १९२० पर्यंत विल्यम नावाचा एक धनेश, आपल्याकडचा ककणेर, मानद चिटणीसांच्या खुर्चीमागे राहत होता. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे. सरकारी ठराव, कोनशिला, फीत यांतले सुरुवातीला काही नव्हते. बसायला एक जागा होती आणि दाखवण्याची हौस होती.

वेंगुर्ल्याजवळ दाखवण्यासारखे काय आहे? बंदरावरून रात्री दीपगृह लुकलुकते त्या वेंगुर्ला रॉक्सपासूनच सुरुवात करू. तिथल्या बर्न्ट आयलंडच्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी लाळेने घरटे बांधतो आणि गुहेच्या मिट्ट काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. वटवाघळाची किमया पक्ष्याने साधलेली फार थोडी उदाहरणे जगात आहेत, त्यातले एक आपल्या समोरच्या खडकावर. हुमायून अब्दुलअली या पक्षिशास्त्रज्ञाने इथल्या पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर १९४० आणि १९४२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. पुढे सोसायटीच्या कपाटांतल्या हजारो पक्ष्यांची सूची करण्याचे किचकट काम त्यांनीच हाती घेतले. वेंगुर्ले तालुका म्हटले की खानोलकर, दळवी, पाडगावकर ही नावे आपण अभिमानाने घेतो, घ्यावीतच. अब्दुलअलींचे नाव मात्र इथल्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर आमच्या पाहण्यात नाही.

या शतकाच्या सुरुवातीला त्याच गुहेतून घरटी चोरीला जात असल्याचे उघड झाले. परदेशी बाजारात सूपासाठी या घरट्यांना किंमत येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्या पाकोळ्यांसाठी धाव घेतली. अशा वेळी पूर्वी इथे काय होते, हे कुणी तरी लिहून ठेवलेले असावे लागते. संग्रहालयातल्या खणात ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते: कोणता, कुठला, कोणत्या तारखेला, कुणी आणला. चिठ्ठी हरवली तर उरलेला पक्षी शोभेचा. चिठ्ठी असेल तर तो शंभर वर्षांनीही साक्ष देतो. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी माणसे पिढ्यानपिढ्या दर्शनाला जात होती, पण तिथल्या छोट्या माशाला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मासा त्याआधीही तिथेच होता. कुणी तरी तो इतर जातींच्या जतन केलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायला हवा होता.

ताडून पाहण्याची सवय नसली की काय होते त्याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे आपण भाषणांतून सांगतो आणि त्या तारखेला दिवसही साजरा करतो. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडूनच अभ्यासली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठा लवाजमा आणि दुर्बिणी घेऊन. त्याच्या तीन वर्षे आधी रॅम्झे यांना पृथ्वीवरही हेलियम सापडला होता. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ म्हणजे खऱ्या ग्रहणाच्या खऱ्या मोहिमेची आठवण, आणि तेवढी गोष्ट पुरेशी थरारक आहे. तिला हेलियमच्या शोधाचा मुलामा लागत नाही. दोन तारखा शेजारी-शेजारी मांडणारी एक पाटी तिथे असती तर ही दंतकथा एवढी वाढली नसती.

आता खुद्द गावात येऊ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, म्हणजे संग्रहालय दिनाचीच तारीख, आणि त्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यात आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून इथे ‘रत्ना’ झाला, रत्ना पुन्हा हापूसशी जुळवून पातळ कोयीचा ‘सिंधू’ झाला. ‘वेंगुर्ला’ नावाच्या क्रमांकवार काजूच्या जाती दूरवरच्या बागांतून लागल्या. हापूस कापल्यावर आत साका निघाला की घरचे हळहळतात. हा साका का होतो आणि रत्नात का होत नाही, हे चार कापलेल्या फळांच्या प्रतिकृती ठेवून दाखवले तर मे महिन्यातली कुठली पाहुणी पोरे बघणार नाहीत? कलम कसे बांधतात ते दाखवायला तर बागेतला गडीच पुरे. मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवन दाखवतात. तिवर, कांदळ, चिपी यांची ओळख त्यांच्याइतकी सहज कोण करून देईल? नगर परिषदेने कचऱ्याच्या डेपोचे पर्यटनस्थळ केले आणि ते बघायला बाहेरगावची माणसे आली. ओल्या कचऱ्याचा गॅस आणि खत होताना पाहणे हा विज्ञानाचाच धडा आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून हजारो मुलांना विज्ञान शिकवले. त्या शोधिकेच्या ‘पुलस्त्य’ या इमारतीमागे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी आहे. साहित्यावर प्रेम करणाऱ्या गावाला यातून काही सुचावे.

म्हणजे ऐवज आहे, जाणकार आहेत. एका छपराखाली, चिठ्ठी लावून, ते मुलांपुढे ठेवण्याची सोय तेवढी नाही. त्याला कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही, आणि कृपा करून तसा प्रस्ताव कुणी करूही नये, कारण इमारत होईल, उद्घाटन होईल आणि तिसऱ्या वर्षी कुलूप लागेल. नगर परिषदेने किंवा एखाद्या शाळेने कोरडी, हवेशीर अशी एक खोली द्यावी. महिन्यातून एक रविवार तिथे फळ संशोधन केंद्रातल्या कुणी बोलावे, एखादा रविवार मांडवीच्या बायांचा, एखादा रापणकरांचा. जाळ्यात येणाऱ्या माशांची मालवणी नावे आणि शास्त्रीय नावे एकाच पाटीवर असावीत. तिसरे, खुबे, शिनाणे, कालवा यांचे शिंपले, शिरोड्याच्या मिठागरातले मीठ, रेडीच्या खाणीतला लोहदगड, घराच्या चिऱ्याचा जांभा हे सगळे फुकट मिळणारे आहे. एक पथ्य पाळावे: जिवंत काही उचलू नये आणि कायद्याने संरक्षित प्राण्याचे हाड, शंख, घरटे वनखात्याला विचारल्याशिवाय ठेवू नये. नाहीतर निसर्गप्रेमाच्या नावाखाली आपणच गुहा लुटल्यासारखे होईल.

खोलीची मागणी नगर परिषदेकडे आम्ही या अग्रलेखातून करतो आहोत. वाचकांनी तिची वाट पाहू नये. या सुट्टीत घरातल्या मुलांना एखादी वस्तू निवडू द्या, वहीच्या कागदावर तिचे नाव, सापडल्याचे गाव, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव लिहायला लावा आणि ती चिठ्ठी वस्तूला बांधून ठेवा. खोली मिळेल तेव्हा या चिठ्ठ्या लागतीलच.