साक्ष न देणारा समाज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना कळू लागण्याच्या आधीच दिली जाते. देणारी माणसे दुष्ट नसतात. आजोबा देतात, वडील देतात, मायेने देतात. मुलगा कुणाच्या भानगडीत पडू नये, त्याच्या दारात समन्स येऊ नये, त्याचे नाव कुणाच्या जबाबात असू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या शिकवणीला आपण व्यवहारज्ञान म्हणतो. परंतु सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलाला या व्यवहारज्ञानाची किंमत रोज मोजावी लागते, आणि ती त्याच्या खिशातून जात नाही. ती जाते मेलेल्या माणसाच्या आईच्या पदरातून, अत्याचार झालेल्या मुलीच्या उरलेल्या आयुष्यातून, आणि कुणी बाजू न मांडल्यामुळे तुरुंगात पडून राहिलेल्या निरपराध माणसाच्या तारुण्यातून. आपल्या या शहाणपणाचा हिशेब आपण कधी मांडला नाही. तो आता मांडला पाहिजे.

खटला कसा उभा राहतो आणि कसा पडतो, हे ज्यांनी कोर्ट पाहिले नाही त्यांना ठाऊक नसते. गुन्हा घडतो तेव्हा माणसे जमतात. कुणी मारले, कशाने मारले, भांडण कशावरून सुरू झाले, हे संध्याकाळपर्यंत पारावर, पिठाच्या गिरणीत आणि एसटीच्या थांब्यावर सगळ्यांना माहीत होते. पोलीस जबाब घेतात. कायद्याने त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, आणि तो स्वतंत्र पुरावाही मानला जात नाही. खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने न्यायाधीशासमोर शपथेवर जे सांगितले ते. दोषारोपपत्र दाखल होते, खटला बोर्डावर यायला वर्षे लागतात, आणि मग एके दिवशी पुकारा होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, मी त्या दिवशी गावात नव्हतो. मी काही पाहिले नाही. पोलिसांनी काय लिहून घेतले ते मला माहीत नाही. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात, त्याचा जुना जबाब त्याला वाचून दाखवतात, आणि तो प्रत्येक वाक्याला मान हलवून ‘हे खरे नाही’ म्हणतो. त्याच्यानंतर दुसरा येतो, मग तिसरा. संध्याकाळी कोर्ट उठते तेव्हा ज्या घटनेविषयी गावात दुमत नव्हते, ती घटना कागदावर घडलेलीच नसते. न्यायाधीशाला कागदाबाहेरचे काही पाहता येत नाही. तो संशयाचा फायदा देतो, कारण कायद्याने तो द्यावाच लागतो. मग आपण वर्तमानपत्रात निकाल वाचतो आणि न्यायव्यवस्था विकली गेली म्हणून हळहळतो. त्या निकालाचा मजकूर आपल्याच मौनाने लिहिला होता, हे आपल्या मनात येत नाही.

कोर्टाचे हे भय मुळात खोटे नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. इंग्रजी अमलात दिवाणी कोर्टे आली तेव्हा ती दख्खनच्या कुणब्याला सावकाराचे हत्यार म्हणूनच भेटली. न वाचता अंगठा उठवलेला कागद, त्यावरून एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती आणि लिलाव, हा क्रम त्याने पाहिला होता. १८७५ साली सुप्याच्या बाजारापासून जो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले. कोर्टाच्या कागदाविषयीचा त्यांचा राग त्या आगीत स्पष्ट दिसतो. त्या पिढीने आपल्या मुलांना कोर्टापासून दूर राहा म्हणून सांगितले असेल, तर तो अनुभवाचा निष्कर्ष होता. दुर्बळाने बळवंताच्या कोर्टापासून स्वतःला वाचवण्याची ती रीत होती. आपण त्या रीतीतले कारण विसरलो आणि रीत तेवढी ठेवली. आज तिचा उपयोग नेमका उलटा होतो. कोर्टात दाद मागायला दुर्बळ जातो आणि बळवंताला वाचवायला आपण गप्प राहतो. ज्या सावधपणाने एकेकाळी गरिबाचे शेत वाचवले असेल, तोच आता गरिबाच्या मारेकऱ्याला घरी पाठवतो.

हे मौन सर्वांसाठी सारखे असते, तर त्याला भित्रेपणा म्हणून सोडून देता आले असते. ते सारखे नाही. गावातल्या मातब्बर घरात चोरी झाली तर साक्षीदारांची वाण पडत नाही. मौन पसरते ते मेलेला माणूस गावकुसाबाहेरचा असतो तेव्हा. नगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, एवढेच निमित्त सांगितले गेले. शाळेच्या वेळेत, भर दिवसा त्याला शाळेतून मारहाण करत नेले, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने त्या खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले; अनेक साक्षीदार फितूर झाले होते. ते आरोपी दोषी होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण न्यायालयाने त्यांना सोडले आहे. पण मुलगा मेला, हे तर कुणी नाकारत नाही. त्याला कुणीतरी मारले, आणि ते भरवस्तीच्या गावात मारले. मग ज्यांनी पाहिले ती माणसे कुठे गेली? ती कुठेही गेली नाहीत. ती तिथेच राहतात, सण साजरे करतात, देवाची पालखी खांद्यावर घेतात. आणि त्या गावाकडे बोट दाखवून आपण सुटू शकत नाही. तसला प्रसंग आपल्या आळीत घडला असता तर पिंजऱ्यात उभे राहून आपण नावे घेतली असती का, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

बाईच्या बाबतीत हेच मौन भिंतीइतके जवळ येते. चाळीत किंवा वाड्यात दोन खोल्यांमध्ये एक विटेची भिंत असते. पलीकडच्या घरात सुनेला मारतात, उपाशी ठेवतात, माहेरून पैसे आण म्हणतात, हे शेजारणींना वर्षानुवर्षे ऐकू येते. ती भाजून मेली की त्याच शेजारणी जबाबात सांगतात, घर सज्जन आहे, आम्ही कधी भांडण ऐकले नाही. मुलीच्या बापाला मग कोर्टात विचारले जाते: छळ होता तर तुम्ही आधी तक्रार का केली नाही? तो काय सांगणार? त्याच्या नातेवाइकांनीच त्याला सांगितलेले असते की लेकीच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये. लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत तर आरोपी पुष्कळदा घरचा किंवा ओळखीचाच असतो. घराची अब्रू, धाकट्या बहिणीचे लग्न, शेताचा वाटा, यांचा विचार करून नातेवाईक बैठक बसवतात, आणि मुलीने काय बोलायचे ते ठरते. ती पिंजऱ्यात येते, आईकडे पाहते आणि काही घडले नाही म्हणते. तिच्या तोंडातून बोलतो तो तिचा सगळा गोतावळा.

या व्यवहारज्ञानाचा बळी केवळ फिर्यादीच होतो, असे समजू नये. तपासात दोन प्रतिष्ठित स्थानिक रहिवासी पंच म्हणून घ्यावेत, असे कायदा सांगतो. प्रतिष्ठित रहिवासी दार लावून घेतात. मग पोलीस आपल्या ओळखीचा, चहाच्या टपरीवरचा, सांगेल तिथे सही करणारा पंच आणतात, आणि त्याच्या सहीवर एखाद्या गरिबाच्या झोपडीतून मुद्देमाल निघतो. आपण सही करायला गेलो असतो तर तो खोटा पंचनामा झाला नसता. देशातल्या तुरुंगांत चारांतले सुमारे तीन कैदी कच्चे कैदी आहेत. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. ‘तो त्या रात्री माझ्याकडे कामावर होता’ एवढे एक वाक्य बोलणारा मालक मिळाला असता तर त्यांतले काही जण आज घरी असते. पारधी वस्तीवरचा माणूस उचलला जातो तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी गेल्याचे किती जणांनी पाहिले आहे? खरे सांगणारा मिळत नाही तिथे खोटे सांगणाऱ्याचे राज्य येते, आणि ते कधी आरोपीला सोडवते, कधी निरपराधाला अडकवते. दोन्हींचे मूळ एकच.

आता आम्हा वकिलांकडे येऊ. या समाजाचे दोष सांगताना वकील जर साळसूदपणे बाजूला उभा राहिला, तर त्याच्या बोलण्याला अर्थ नाही. साक्षीदार पुष्कळदा घरून फितूर होऊन येत नाही. त्याला फितूर होण्याइतका वेळ आम्ही देतो. तो मजुरी बुडवून, पहाटेची एसटी धरून येतो. त्याला बसायला जागा नसते, आरोपीचे नातेवाईक त्याच व्हरांड्यात त्याच्याकडे टक लावून उभे असतात. दुपारी पुकारा होतो, आम्ही उठून म्हणतो, ‘साहेब, पुढची तारीख द्यावी’, आणि समोरचा वकील हरकत घेत नाही, कारण पुढच्या वेळी त्यालाही तारीख लागणार असते. असे काही वेळा झाले की साक्षीदाराचा धीर सुटतो आणि तडजोडीचा निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला तो घरात घेतो. साक्षीदार थकून जाईपर्यंत खटला लांबवण्याची ही चाल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका निकालात स्पष्ट शब्दांत नोंदवली आणि तिच्यासाठी वकिलांना व न्यायालयांनाही जबाबदार धरले. साक्ष सुरू झाली की खटला रोजच्या रोज चालवावा, हजर साक्षीदाराला न तपासता परत पाठवू नये, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेलेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तहकुबी दोनपेक्षा जास्त देऊ नये असे म्हटले आहे. कायदा बदलला, व्हरांडा तोच आहे. चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या कोर्टात दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ कोर्टात काढावा लागला, याची आपण शरम बाळगायला हवी होती. आपण मात्र एवढ्या काळाला खटल्याचे साधारण आयुष्य मानायला शिकलो.

आणि शपथेचे काय? देवापुढे नवस चुकला तर आपली झोप उडते; ईश्वरसाक्ष खरे सांगेन म्हणून उच्चारलेले वाक्य मोडताना मात्र जीभ अडखळत नाही. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्या शिक्षेची भीती कुणाला वाटत नाही, कारण तो गुन्हा आहे असे आपल्याला मनापासून वाटतच नाही. परतणाऱ्या फितूर साक्षीदाराच्या तोंडावर गावात कुणी थुंकत नाही. उलट शहाणा म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. खरे बोलणाऱ्याला मात्र गिरणीत दळण मिळत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही. ज्या समाजात खोट्याला मान आणि खऱ्याला वाळीत टाकणे आहे, त्याने न्यायालयाकडून सत्याची अपेक्षा करणे हा कांगावा आहे.

हे असेच चालणार, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. विधवेचे केशवपन हा शतकांचा धर्माचार होता आणि तो करणारे न्हावी स्वतःला त्यात निमित्तमात्र समजत होते. वस्तरा आपला, पाप दुसऱ्याचे, अशी त्यांची समजूत होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी हे काम आम्ही करणार नाही म्हणून संप केला. ज्यांच्या हातांवाचून रूढी चालू शकत नव्हती, त्या हातांनीच नकार दिला. फौजदारी न्यायाची विटंबनाही आपल्याच हातांवर उभी आहे: साक्षीदाराच्या, पंचाच्या, शेजाऱ्याच्या, वकिलाच्या. हे हात नकार देऊ शकतात.

त्यासाठी लागणारी साधने अपुरी असतील, पण ती नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार धोका असलेला साक्षीदार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करू शकतो. तो अर्ज लिहून देणे आम्हा वकिलांचे काम आहे. त्यासाठी फी मागू नये. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर लवकर जबाब नोंदवण्याची सोय आहे. वकील संघांनी ठरवावे की साक्षीदार हजर असताना आमच्यापैकी कुणी तारीख मागणार नाही. ग्रामसभेने ठरवावे की साक्षीला जाणाऱ्याबरोबर गावातली चार माणसे जातील आणि त्याची बुडालेली मजुरी गाव भरून देईल. आईबापांनी मुलांना ती जुनी शिकवण देणे थांबवावे, आणि पाहिले ते सांगायचे, ज्याच्याविरुद्ध सांगावे लागेल तो आपल्या भावकीतला असला तरी सांगायचे, असे शिकवावे.

यातले कोणतेही काम अशक्य नाही. म्हणूनच ते न करण्याला आता सबब उरलेली नाही. न्यायाधीशाला जे कळते ते आपल्याकडूनच कळते. आपण सांगितले नाही तर त्याच्या खुर्चीत कितीही प्रामाणिक माणूस बसवला, तरी निकाल खोटाच लागेल, आणि त्या निकालावर सही त्याची असली तरी अपराध आपला असेल. उद्या कुणाच्या तरी दारात समन्स येईल. ते मुकाट्याने घ्यावे, ठरल्या तारखेला जावे, आणि जे पाहिले ते नावानिशी सांगून यावे.